यंत्र नवे, ठेवा जुना

वस्तू बिघडली म्हणजे तिच्या जागी दुसरी आणावयाची, हा व्यवहार आपल्या नित्य परिचयाचा आहे. घागर फुटली तर बाजारातून नवी घागर येते, आणि विहिरीत पाणी असल्यामुळे ती पुन्हा भरतेही. संगणकाचे मात्र तसे नाही. तो बिघडला की त्याच्याजोगा, किंबहुना त्याहून सरस, दुसरा संगणक दुकानात मिळतो. परंतु जुन्यात आपण वर्षानुवर्षे जे भरून ठेवलेले असते, ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. एवढी साधी गोष्ट ध्यानात यावयास मला एक फुलदाणी सांडावी लागली. ती हकीकत येथे सांगण्याचे कारण इतकेच की, असा प्रसंग आज प्रत्येक शाळेवर आणि बहुतेक प्रत्येक घरावर येऊ शकतो, आणि त्या वेळी काय घ्यावे याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात.

२०२५ सालच्या गुरुपौर्णिमेचा दिवस. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता. ग्रंथालयात सरस्वतीची तसबीर मांडली होती आणि तिच्या मेजावर जागा उरली नव्हती, म्हणून शेजारच्या संगणकाच्या, ज्या भागाला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो त्या पेटीच्या, सपाट माथ्यावर मी फुलदाणी ठेवली. आठवीतील एक विद्यार्थिनी तसबिरीला हार घालावयास वाकली, तिच्या कोपराचा धक्का लागला, आणि फुलदाणीतले तांब्याभर पाणी हवा खेळण्याकरिता ठेवलेल्या भोकांतून पेटीत उतरले. ‘चट्’ असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला. गोंधळलेल्या मनाने मी काय केले असेल? यंत्र जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी मी त्याची कळ दाबली. एकदा नव्हे, दोनदा. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी पुढे पेटी उघडली तेव्हा त्यांचे मत असे पडले की, पाण्याने केलेल्या हानीपेक्षा त्या कळीने केलेली हानी अधिक असावी.

यामागील कारण विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. निव्वळ शुद्ध पाणी विजेचे फार दुबळे वाहक आहे. परंतु विहिरीच्या, नळाच्या वा फुलदाणीतल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि त्यांच्यायोगे त्यातून वीज सहज वाहते. मदरबोर्डावर ज्या तारा परस्परांपासून केसाएवढ्या अंतरावर राखलेल्या असतात, त्यांना हे पाणी जोडून टाकते, आणि वीज चालू असेल तर नाजूक भाग क्षणार्धात जळतात. वीज बंद असेल व यंत्र पुरते वाळवले तर त्यातील काही भाग वाचूही शकतात. म्हणून असा प्रसंग आल्यास प्रथम भिंतीवरील बटण बंद करावे. पाणी तेथवर पोहोचले असेल तर घराचा मेन स्विच बंद करावा. हात कोरडे करून मगच प्लग काढावा, आणि कळ मुळीच दाबू नये. जाणकाराकडून पेटी उघडवून ती पंख्याच्या वाऱ्यावर काही दिवस वाळू द्यावी. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरून ठेवल्याने लाभ होत नाही. तांदळाची पूड मात्र आत जाते. आमच्या गोव्यातील आषाढाच्या हवेत तर कपडेसुद्धा दोन दोन दिवस वाळत नाहीत, मग यंत्राबाबत घाई करून कसे चालेल?

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. छत्री दाराशी टेकवून त्यांनी हळू आवाजात विचारले, “बाई, किती भरावे लागतील?” त्यांच्या मुठीत काही नोटा होत्या. मी त्यांना सांगितले की फुलदाणी तेथे मी ठेवली होती, कळही मीच दाबली होती, आणि मुलीने केवळ हार घातला होता. ते गेले, परंतु मुलगी पुढे दीड महिना ग्रंथालयाची पायरी चढली नाही. यंत्राची किंमत सर्वांनी विचारली. त्या मुलीच्या मनाला जे लागले त्याची चौकशी आम्ही शिक्षकांनी फार उशिरा केली, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

आता नव्या संगणकाचा प्रश्न उभा राहिला. शिक्षकांच्या बैठकीत तीन मते पडली. एक मत असे की, घ्यावयाचेच तर बाजारातील सर्वांत वेगवान यंत्र घ्यावे, म्हणजे दहा वर्षे पाहावयास नको. दुसरे मत असे की, मेजावरचा संगणक आता जुना झाला. पडद्यातच सर्व सामावलेले सुबक यंत्र किंवा लॅपटॉप घ्यावा. तिसरे मत असे की, जुनाच दुरुस्त करून चालवावा. प्रत्येक मतात काही ना काही तथ्य होते. परंतु ज्या प्रश्नापासून आरंभ करावयास हवा होता, तो कोणीच विचारला नव्हता. तो प्रश्न म्हणजे, आमचे नेमके काय गेले आहे?

त्या संगणकात बारा वर्षांच्या वार्षिकांकांचे लेख होते. त्याहून मोलाचे म्हणजे, मुलांनी आपल्या आजोबा-आजींकडून टिपून आणलेले खाजन शेतीचे शब्द होते. खाडीकाठची ही शेतजमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते, आणि त्या बांधात ‘मानस’ नावाची दारे असतात. भरतीच्या पाण्याने ही दारे आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात. त्या बांधांचे, मातीचे, भाताच्या जातींचे आणि तेथे मिळणाऱ्या मासळीचे कितीतरी शब्द मुलांनी जमा केले होते. ते सांगणाऱ्यांपैकी काही वृद्ध आज हयात नाहीत. हा संग्रह दुसरीकडे कोठेही उतरवून ठेवलेला नव्हता. खाडीचे पाणी अडवणाऱ्या माणसांचे शब्द आम्ही तांब्याभर पाण्याच्या हाती सोपवले होते!

सुदैवाने हार्ड डिस्क शाबूत होती. तिच्यापर्यंत पाणी पोहोचले नव्हते. ती काढून, केबलच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकास जोडताच सारे लेख दिसू लागले. पण उघडून पाहतो तो मराठीचा मागमूस नाही. पानभर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग! याचे कारण असे की, आमचे बहुतेक लेख जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित होते. अशा फाँटमध्ये संगणक आत रोमन अक्षरांचेच संकेत साठवतो आणि त्यांवर देवनागरीचा मुखवटा तेवढा चढवलेला असतो. फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये असे होत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीच्या वर्णांना स्वतःचे स्वतंत्र संकेत आहेत, आणि ते जगातील कोणत्याही नव्या यंत्रावर तेच राहतात.

या अनुभवावरून माझे जे मत बनले ते असे: जो भाग बदलता येतो तो सहज बदलता यावा, आणि जो ठेवा बदलून मिळणार नाही तो सहज बाहेर काढता यावा, असेच यंत्र शाळेने वा कुटुंबाने निवडावे. वेग, चकाकी व नावीन्य यांचा विचार त्यानंतर.

या कसोटीला पडद्यातच सर्व सामावलेले यंत्र उतरत नाही. त्यावर चहाचा पेला सांडला तर एका वस्तूबरोबर सर्वच वस्तू जातात. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यास तो हवाच. परंतु त्याच्या कीबोर्डखालीच त्याचे सारे काळीज असते, आणि ग्रंथालयातील एका जागी बसणाऱ्या यंत्राला पायांची गरज नाही. याउलट सुट्या पेटीचा संगणक भिजला तरी मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस वाचतात. आमचे तिन्ही वाचले होते. तेव्हा आम्हांला पूर्ण संच नव्हे, केवळ पेटीच घ्यावयाची होती, हे ध्यानात येताच अर्धा वाद मिटला.

सर्वांत वेगवान यंत्राचा आग्रहही हिशेबावर टिकत नाही. छापील एका पानावर सुमारे २००० देवनागरी चिन्हे धरली आणि युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात हे लक्षात घेतले, तर एक पान ६००० बाइटांचे होते. बारा अंकांची मिळून १२०० पाने धरली तरी सर्व मजकूर ७२ लाख बाइटांत, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एखाद-दुसऱ्या छायाचित्राएवढ्या जागेत मावतो. लेख लिहिणे, पुस्तकांची नोंद ठेवणे, पाठ पाहणे आणि पत्रव्यवहार करणे या कामांना ८ गिगाबाइट रॅम, मध्यम प्रतीचा प्रोसेसर व एक लहानशी एसएसडी पुरेशी आहे. चलत्-चित्रे संपादित करणाऱ्यास अधिक लागेल. त्याने अधिक घ्यावे. परंतु जे काम आपण करीत नाही त्याच्यासाठी पैसे मोजणे म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाने लग्नाचे पातेले विकत घेण्यासारखे आहे.

जुना दुरुस्त करण्याच्या मताबद्दल मला सर्वांत अधिक आदर होता, कारण काटकसर हा दोष नव्हे. परंतु मदरबोर्ड व वीजपुरवठ्याचा भाग हे दोन्ही गेले होते, आणि ते बदलूनही प्रोसेसर जुनाच राहणार होता. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपावयाचा होता, व तो संपलाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचे साधन आणि इंटेलचा असल्यास आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आमचा त्याहून जुना होता. जुन्या यंत्रावर उबुंटूसारखी विनामूल्य प्रणाली घालता येते, आणि ज्या घरी तसे यंत्र सुस्थितीत आहे त्यांनी ते जरूर करावे. पण भिजलेल्या यंत्रावर दुहेरी खर्च करणे शहाणपणाचे नव्हते. शेवटी आम्ही कार्यालयात वापरलेली, तपासून दुरुस्त केलेली, हमीपत्र असलेली एक पेटी घेतली. असे यंत्र घेणाऱ्याने प्रोसेसरची पिढी आधी विचारावी, हमीची मुदत लेखी घ्यावी, आणि पाणी सांडून झालेली हानी हमीत सहसा धरली जात नाही हेही ओळखून असावे.

वाचलेल्या पैशांतून आम्ही एक यूपीएस व एक बाहेरून जोडावयाची डिस्क घेतली. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते-येते हे सांगावयास नको. दर शनिवारी सर्व लेखांची एक प्रत त्या डिस्कवर उतरते, आणि ती डिस्क ग्रंथालयात न ठेवता मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली जाते. दोन प्रती एकाच मेजावर ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे होय. भिजलेली पेटी आम्ही भंगारवाल्यास दिली नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हव्यात, आणि शिसे वगैरे विषारी द्रव्ये ओढ्याकाठी जाळली जाऊ नयेत हे ओढ्याचे पाणी पिणाऱ्या आपणांस तरी पटावयास हवे.

लेख युनिकोडमध्ये आणण्याचे काम मात्र कोणतेही दुकान करून देईना. रूपांतर करणारे साधन मिळाले. पण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी साठवलेला असतो व युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे कित्येक ठिकाणी वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या, रफार हरवले. ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालणे भाग होते. यासाठी मुलांना इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवला. त्याचा एक लाभ मला व्यक्तिशः फार मोलाचा वाटतो. घरी कोंकणी बोलणारी आणि शाळेत मराठी लिहिणारी आमची मुले त्याच कळांनी दोन्ही भाषा लिहू लागली. ‘मानस’ हा शब्द आजीच्या तोंडून निघाला तसाच, कोणाच्या परवानगीवाचून, कागदावर उतरू लागला.

या कामास मुले हवीत असे मी वर्गात सांगितले तेव्हा प्रथम चार हात वर झाले. पाचवा हात वर यावयास दोन दिवस लागले. तो त्याच मुलीचा होता. आज खाजनाच्या शब्दसंग्रहाची पहिली ४० पाने तिने तपासली आहेत, आणि तिच्या वडिलांनी त्यांत बांधबंदिस्तीचे सात नवे शब्द भरले आहेत. त्या दिवशी मुठीत आणलेल्या नोटांपेक्षा ही भरपाई मला मोठी वाटते. अर्थात ती त्यांच्याकडून येणे नव्हतेच.

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्या घरी असा प्रसंग आला तर रागावण्यापूर्वी वीज बंद करा, दुकानात जाण्यापूर्वी ठेवा वाचवा, आणि किंमत विचारण्यापूर्वी काम ठरवा. आमची नवी पेटी आता भिंतीला लावलेल्या फळीवर उंच बसली आहे. फुलदाणी खिडकीत गेली आहे.