बाळ छान... आणि बाळाची आई?

पुण्यातली तुमची कलीग डिलिव्हरीसाठी खामगावला माहेरी गेली. ऑफिसच्या ग्रुपवर बाळाचा फोटो आला. पाठोपाठ 'सो क्यूट', 'नाक अगदी बाबांचं' वगैरे वगैरे! फोन केला तरी पहिला प्रश्न ठरलेला, 'बाळ कसं आहे?' खरं सांगा, 'तू कशी आहेस?' असं तिला कितीजणांनी विचारलं?

माहेरी तिची बडदास्त असते, यात वाद नाही. मालिश, शेक, डिंकाचे लाडू, सव्वा महिना पूर्ण आराम. शरीराची काळजी घेणारी ही सिस्टीम मस्तच! पण तिला मध्येच रडू फुटलं की सगळे गडबडतात. 'एवढं गोड लेकरू झालं, आता रडायला काय झालं?' कुणी दृष्ट काढतं, कुणी 'आम्ही नाही का चार-चार वाढवले?' म्हणून गप्प करतं. त्यात बुलढाणा हा जिजाऊंचा जिल्हा. सिंदखेडराजा त्यांचं जन्मगाव. आई म्हणजे खंबीर, हे इथल्या मुली लहानपणापासून ऐकतात. मग 'मला जमत नाहीये' हे तोंडातून निघणार कसं?

पहिल्या काही दिवसांतलं रडू अगदी नॉर्मल. हॉर्मोन्स एकदम खाली येतात, झोपेचा बोऱ्या वाजलेला असतो. साधारण दोन आठवड्यांत हे ओसरतं. त्यानंतरही मूड ऑफच असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नसेल, 'मी वाईट आई आहे' हेच डोक्यात फिरत असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं. हा नाटकीपणा नाही की आळस नाही. भारतातल्या ३८ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला होता. प्रमाण निघालं सुमारे २२ टक्के, म्हणजे पाच आयांमागे एक! मुलगी झाली म्हणून टोमणे, घरातली भांडणं, पैशाची ओढाताण यांनी धोका आणखी वाढतो.

चांगली गोष्ट म्हणजे यावर उपचार आहेत. कधी समुपदेशन पुरतं, कधी औषध लागतं. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात.

सुरुवात कुठून करायची? 'टेली मानस'चा नंबर सेव्ह करा : १४४१६. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. बाळाला बघायला आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. त्यांना मनाचंही सांगा. त्या आरोग्य केंद्राची वाट दाखवतील. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील, भास होत असतील, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि तोवर तिला एकटं सोडू नका.

आणि नवरेमंडळी, तुमच्यासाठी खास! शनिवारी ट्रॅव्हल्सने माहेरी जाताच ना? नुसते फोटो काढून परतू नका. एक रात्र बाळाला तुम्ही सांभाळा, तिला सलग झोपू द्या. सकाळी चहा घेऊन तिच्याजवळ बसा आणि विचारा, 'तुला कसं वाटतंय?' उत्तर 'ठीक' आलं, तरी लगेच उठू नका.