फुकटची वीज

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त, आमच्या हिंगोलीच्या घरात जेवताना झालेला वाद. 'तारिणी'चा विषय निघाला होता. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून शिडाच्या बोटीने निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ ला परतल्या. त्यावर आमचे दाजी म्हणाले, "त्यांचं बरं आहे! ऊन फुकट, वारा फुकट. ना लोडशेडिंग, ना बिल."

दाजी, राग मानू नका, पण हे साफ चूक आहे.

लांबच्या प्रवासाला निघालेल्या शिडाच्या बोटीवर दिवे, जीपीएस, रेडिओ सगळं बॅटरीवर चालतं. सगळ्यात खादाड म्हणजे सुकाणू धरणारा ऑटोपायलट. तो सरासरी पाच अँपिअर ओढतो असं धरा. चोवीस तासांत १२० अँपिअर-तास झाले. घरच्यासारखी २०० ची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल, तर ती टिकावी म्हणून त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे दिवस सरायच्या आत खेळ खल्लास!

ऊन फुकट? ते हिंगोलीत. दक्षिण महासागरात सूर्य खाली, ढग दाट, त्यात पॅनेलवर शिडाची सावली. वारा? पवनचक्कीची वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाने ठरते. मागून वीस नॉटचा वारा आणि बोट आठने पळतेय, तर चक्कीला लागतो बाराचाच. वीज उरते जेमतेम पाचवा हिस्सा. पाण्यात पंखा सोडला तर तो बोटीला मागे ओढतो. इंजिन चालवलं तर डिझेल संपतं, आणि भर समुद्रात पंप नसतो.

म्हणून दर्यावर्दी आधी खर्च मोजतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'तून ३१२ दिवसांत एकट्याने, न थांबता जग फिरून आला. त्याचं सुकाणूयंत्र वाऱ्याच्या पात्यावर चालायचं, विजेवर नाही. तेही वाटेत मोडलं, तेव्हा शिडांचा तोल साधत त्याने बोट हाकली.

आता आपल्या घराकडे या. गेल्या उन्हाळ्यात रात्री दोन वाजता आईला दम लागला. वीज नव्हती. नेब्युलायझर लावला आणि इन्व्हर्टरने मान टाकली. संध्याकाळपासून त्यावर कूलर आणि क्रिकेटची मॅच चालू होती! आईला तशीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. दोष बॅटरीचा नव्हता, आमचा होता. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा सल्ला एकच: "मोठी बॅटरी घे, गच्चीवर सोलर लाव." कूलर बंद का केला नाही, हे एकानेही विचारलं नाही.

मी लोडशेडिंगची भलामण करत नाहीये. चोवीस तास वीज हा आपला हक्कच आहे, त्यासाठी भांडायलाच हवं. सोलरही लावू. पण मोजायची सवय नसेल तर कितीही मोठी बॅटरी रात्री दोनला रिकामीच सापडणार.

आता इन्व्हर्टरशेजारी मी कागद चिकटवलाय: नेब्युलायझर, दोन दिवे, एक पंखा. बस्स. घरातले मला 'कॅप्टन' म्हणून चिडवतात. खुशाल चिडवा. कूलरला मात्र हात लावायचा नाही, दाजी. तुम्ही पाहुणे असलात तरी!