तेलावरची वीज

मुरगाव तालुक्यातील सांकवाळ येथे 1999 मध्ये नाफ्त्यावर चालणारा 48 मेगावॉटचा वीजप्रकल्प सुरू झाला, तेव्हा गोमंतक विजेपुरता तरी स्वतःच्या पायांवर उभा राहील, असे आम्हांसही वाटले होते. वीजखरेदीचा करार 2014 मध्ये संपला आणि ती आशाही मावळली.

नाफ्ता हे खनिज तेलाचेच हलके अंग. ते जळताना निघणारे तप्त वायू एक चक्र फिरवितात. उरलेल्या उष्णतेने पाण्याची वाफ होऊन दुसरे चक्र फिरते. एवढा खटाटोप करूनही निम्म्याच्या आसपास उष्णता वाया जाते. दुकानाच्या दारातील जनरेटरची कथा तर याहून वाईट! लिटरभर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिटांची उष्णता असते. हाती येतात जेमतेम 3 ते 4 युनिट. लिटरमागे नव्वदेक रुपये मोजणाऱ्या दुकानदाराने हिशेब स्वतःच करावा.

तेल परदेशातले, बहुतेक वीज परप्रांतातली, आणि वर्षाचे आठ महिने तळपणारे ऊन मात्र कौलांवरून वाया! परकीय सत्ता 1961 मध्ये गेली. हे परावलंबन कोणी लादलेले नाही. गोव्याच्या भूमीवर आज नेमकी किती वीज निर्माण होते, एवढे तरी विधानसभेत कोणी विचारील काय?