आपल्या भिंतीवर परक्याची पाटी

आपल्या संकेतस्थळावर गूगल अ‍ॅडसेन्समार्फत प्रतिस्पर्ध्याचीच जाहिरात झळकली, तर ती रोखावी काय? सोय आहे, त्याच्या संकेतस्थळाचा पत्ता प्रतिबंधित यादीत घातला की झाले. परंतु ही जागा लिलावाने विकली जाते. एक बोलीदार हटला की भाव उतरू शकतो, आणि चढी बोली बहुधा समव्यावसायिकाचीच असते. केवळ लेखनावर चालणाऱ्या स्थळाने म्हणून त्याला अडवू नये.

साड्या विकणाऱ्याचा हिशेब निराळा. जाहिरात दाखवल्याचे थोडे पैसे जमा होतात, दारातले गिऱ्हाईक मात्र जाते. (पेढीची भिंत शेजारच्या पेढीला भाड्याने देणारा व्यापारी बँकेच्या नोकरीत मला भेटला नाही.) त्याने एकेक नाव रोखत बसण्यापेक्षा विक्रीच्या पानांवरून जाहिरातीच काढाव्यात; वस्त्रांची निगा सांगणाऱ्या लेखांशेजारी त्या खुशाल राहू द्याव्यात.