कात्रीमागचे हात

रुग्णालयांच्या जाहिरातफलकांवर हल्ली सर्जनांचे चेहरे झळकतात. चेहऱ्यांपलीकडचे काम वाचकांपुढे यावे, म्हणून आम्ही हा अंक शल्यविशारदांना दिला आहे.

अशा कामाचे एक जुने उदाहरण पाहा. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या माणसाला पुण्यात एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक दिले. ती हकिकत १७९४मध्ये लंडनच्या मासिकात छापली गेली आणि १८१४मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिथे तोच प्रयोग केला. कार्प्यू प्रसिद्ध झाला. पुण्याच्या कारागिराचे साधे नावही कोणी नोंदवले नाही!

अपयशही आम्ही वगळलेले नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८मध्ये हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला, तरी ते धाडस आम्हाला मोलाचे वाटते.

तुमच्या तालुक्यातल्या सर्जनांविषयी आम्हाला जरूर लिहा.