पाय उशीवर की पलंगाखाली?

दुखणाइताचा पाय सुजला की त्याखाली उशी सरकवावयाची, ही आपली घरोघरची रीत. मुरगळलेल्या घोट्यास किंवा फुगलेल्या नीलांच्या दुखण्यास ती हितकारकही आहे. परंतु रोहिणीवर, म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या नळीवर, शस्त्रक्रिया झालेले माणूस घरी आले असता हीच माया कधीकधी घातक ठरते.

तंबाखू व मधुमेह यांमुळे रोहिणी आतून अरुंद होते. 1948 साली पॅरिस येथे ज्याँ क्युनलँ या शस्त्रवैद्याने रुग्णाचीच नीला घेऊन तुंबलेल्या जागेला वळसा घालणारी नवी वाट रक्ताला करून दिली. आज ही शस्त्रक्रिया जगभर रूढ आहे.

पाटाचे पाणी उताराला आपोआप धावते, चढाला लागत नाही. रक्ताचेही काहीसे तसेच. पाय हृदयाच्या पातळीहून 13 सेंटिमीटर वर गेला की घोट्यातील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे 10 मिलिमीटरांनी उतरतो. ज्याचा दाब 120 आहे, त्याचा पाय 40 सेंटिमीटर उचलून 30 गेले तरी त्यास कळतही नाही. पण ज्याच्या घोट्यापाशी मुळातच 50 उरले आहेत, त्याचे 30 गेले तर उरले काय?

कातडीवर लहानसे ऊबदार यंत्र चिकटवून तेथील प्राणवायू मोजता येतो. तो आकडा 30 च्या खाली असेल, तर जखम भरणे कठीण. रक्त कमी पडलेल्या पायात हा आकडा पाय वर केल्यास उतरतो, खाली सोडल्यास चढतो. असा रुग्ण रात्री वेदनेने उठून पाय पलंगाखाली सोडून बसतो आणि त्यास आराम वाटतो, त्याचे कारण हेच.

मग पाय सदैव खालीच सोडावा काय? नव्हे. शस्त्रक्रियेनंतर पाय बहुधा सुजतो. तासन्‌तास खाली राहिल्यास सूज वाढते, टाके ताणतात आणि सुजलेल्या कातडीस प्राणवायूही नीट पोहोचत नाही. नवी वाट उत्तम वाहत असेल, तर पाय बेताने उचलणे लाभाचे. वाहत नसेल, तर हानीचे. हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, “पाय किती उंच ठेवू, किती वेळ खाली सोडू?” उत्तर मिळेपर्यंत निजताना पाय शरीराच्या पातळीत ठेवावा. गुडघ्याखाली उशी देऊन तो वाकवून ठेवू नये, पायावर पाय टाकून बसू नये, टाच अंथरुणावर घासू देऊ नये. बधिर पायास गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नये. भाजलेले त्यास कळत नाही.

पाय एकाएकी गार, पांढरा वा निळसर पडला, बधिर झाला किंवा असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. तेथे काही तासांचा विलंबही पाय गमावण्यास पुरेसा होतो. आणि वाचकहो, दुखणाइताच्या उशाशी विडीचे बंडल असेल, तर ते आजच दूर करावे.