झेप नसलेली छायाचित्रे

बॅले नर्तकाचे छायाचित्र म्हटले की हवेत तरंगणारा देह डोळ्यांसमोर येतो: ताणलेले पाय, पसरलेले हात आणि श्रमाचा मागमूस नसलेला चेहरा. अशा छायाचित्राला आपण चटकन दाद देतो. पण त्यातून त्या नर्तकाविषयी नेमके काय कळले, हे स्वतःला विचारत नाही. माझ्या मते हवेतली झेप टिपणारे छायाचित्र बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या वेगाची ग्वाही देते. नर्तकाचे व्यक्तिचित्र शोधायचे, तर तो जमिनीवर उभा असलेल्या छायाचित्रांकडे वळावे लागते.

वास्लाव निजिन्स्कीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९११ साली ‘ल स्पेक्त्र द ला रोझ’ या बॅलेत त्याने खिडकीबाहेर घेतलेली झेप दंतकथा बनली. त्या झेपेचे छायाचित्र मात्र नाही. त्याच्या नृत्याची चित्रफीतही उपलब्ध नाही. उरली ती मुख्यतः स्टुडिओत, स्थिर पवित्र्यात घेतलेली छायाचित्रे. इतिहासाने आपल्याला दिलेला हा ऐवज अपुरा आहे खरा, पण तो दरिद्री नाही.

२९ मे १९१२ रोजी पॅरिसच्या शातले नाट्यगृहात निजिन्स्कीने स्वतः रचलेला, देब्युसीच्या संगीतावरील फॉनचा बॅले सादर झाला. फॉन म्हणजे अर्धा मानव, अर्धा बोकड असा वनदेव. प्राचीन ग्रीक कलशांवरील आकृतींप्रमाणे सारे नर्तक पार्श्वदर्शनात, जणू सपाट पृष्ठावर हालत होते. उडीसाठी ख्यातकीर्त असलेल्या नर्तकाने या भूमिकेत स्वतःसाठी अवघी एक उडी ठेवली होती. बॅरन अडॉल्फ द मेयरने त्याची व त्याच्या सहकलाकारांची जी छायाचित्रे घेतली, त्यांतील तीस १९१४ मध्ये पॅरिसहून संग्रहरूपात निघाली. त्यांत निजिन्स्कीची जाड मान, भरीव मांड्या, ताठ पंजा आणि वेगळा काढलेला अंगठा दिसतो. बॅलेच्या रूढ संकेतानुसार नर्तकाने वजन लपवायचे असते. येथे मात्र ते वजन चित्राच्या केंद्रस्थानी आहे. अमेरिकन समीक्षक एडविन डेन्बी यांनी १९४३ मध्ये निजिन्स्कीच्या छायाचित्रांवर स्वतंत्र निबंध लिहिला. मान, खांदे, पाऊल असा एकेक अवयव ते एखाद्या संहितेतील शब्दासारखा तपासतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो निबंध निकटवाचनाचा नमुना म्हणून वाचावा.

असे वाचन करण्याऐवजी आपण बहुधा चरित्र वाचतो, हीच माझी तक्रार आहे. १९१९ पासून निजिन्स्कीला मानसिक आजाराने ग्रासले, हे एकदा कळले की १९११ च्या पेत्रुश्काच्या छायाचित्रांतील कलती मान आणि शून्य नजर आपल्याला भविष्यवाणी वाटू लागते. पेत्रुश्का ही पेंढा भरलेल्या बाहुल्याची भूमिका होती. ती मान नटाने विचारपूर्वक कलती केली होती आणि ती नजर रंगभूषेसह घडवली होती. तिच्यात आजाराची पूर्वचिन्हे शोधणे म्हणजे कलावंताच्या कौशल्याचे श्रेय त्याच्या व्याधीला देणे होय. कवीच्या आयुष्यातील दुःख कवितेच्या ओळीओळीत हुडकणारी आपली वर्गातली सवय याहून वेगळी नाही.

१९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील मनोरुग्णालयात फ्रेंच छायाचित्रकार झाँ मांझोंने निजिन्स्कीला टिपले. सूट घातलेला प्रौढ निजिन्स्की, दोन्ही हात पसरून, जमिनीपासून वर उचललेला. येथे झेप आहे. तरीही हे छायाचित्र पाहताना मन अवघडते. फॉनच्या छायाचित्रांत तो काय दाखवायचे हे स्वतः ठरवत होता. येथे पाहुण्यांचे कुतूहल त्याच्याकडून ते काढून घेत आहे असे वाटते.

पुढच्या पिढीतील रुडॉल्फ नुरेयेवचे उदाहरण याला जोडून पाहता येईल. जून १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर त्याने सोव्हिएत नृत्यसंघाची साथ सोडली. त्यानंतर लवकरच रिचर्ड अॅव्हेडनने त्याची जी छायाचित्रे घेतली, त्यांतले एक केवळ पावलाचे आहे: कमानदार ताणलेले, शिरा उमटलेले पाऊल. चेहरा नसूनही ते व्यक्तिचित्र आहे, कारण वर्षानुवर्षांचा सराव त्या पावलावर लिहिलेला आहे.

नृत्य छायाचित्रात मावत नाही, ही तक्रार जुनी आणि रास्त आहे. पण गती वजा झाल्यावर नर्तकाचे शरीर उरते, आणि त्या शरीराने केलेल्या निवडी उरतात. त्या निवडी वाचायला शिकलो, तर निजिन्स्कीला त्याच्या दंतकथेतून आणि त्याच्या आजारातूनही थोडे सोडवता येईल. एका नर्तकाला एवढा न्याय तरी आपण देणे लागतो.